लाल दगडाचं देणं

आग्र्याच्या किल्ल्यात शिरणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी पहिला प्रश्न ठरलेला असतो: महाराज कुठे उभे होते? मीही तोच घेऊन गेले होते. इतिहासाचं एम.ए. नुकतंच संपलं होतं, पिशवीत टिपणांची वही होती आणि महिना मुद्दाम मे निवडला होता. शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले ते १२ मे १६६६ ला. तर ते ऊन आपणही अंगावर घ्यावं, ही त्या वयातली हौस. घरच्यांनी वेड्यात काढलं, पण अडवलं नाही.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते एका पाथरवटाकडून. दिवाण-ए-आमच्या कडेला दुरुस्तीचं काम चाललं होतं. पासष्टीचे एक गृहस्थ सावलीत बसून लाल दगडाच्या पट्टीवर टाकी मारत होते. मी खांबांच्या ओळींमधून फिरून वहीत आकृती काढतेय, हे त्यांनी बराच वेळ पाहिलं असावं.

"महाराष्ट्र से आई हो, बिटिया?"

मी मान हलवली.

"तो शिवाजी महाराज वाली जगह ढूँढ रही हो." मग हसून म्हणाले, "गाईड को पूछो. जितने पैसे दोगी, उतनी पक्की जगह दिखाएगा."

जागा आपल्याला माहीत नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. पण महाराजांच्या डोळ्यांना त्या दिवशी काय दिसलं असेल ते दाखवतो, म्हणाले, आणि टाकी फडक्यात गुंडाळून उठले. तेव्हापासून ते माझे चाचा.

त्यांनी मला आधी एका खांबाशी नेलं. दिवाण-ए-आम लांबून पांढराशुभ्र दिसतो, आणि मी वहीत 'संगमरवरी' असं लिहायच्या बेतात होते. चाचांनी एका तुटक्या कडेवर नख ठेवलं. वर पांढऱ्या चुन्याचा घोटून घोटून काचेसारखा केलेला पातळ थर, आणि आत लाल दगड. बादशहाच्या झरोक्यापाशी मात्र खरा संगमरवर, त्यात पच्चीकारी. समोर उभ्या राहणाऱ्याने फरक ओळखू नये, ही सगळी कारागिरी त्यासाठी.

आमेर दरबारच्या मंडळींची त्या वेळची राजस्थानी पत्रं मी वाचली होती. मी त्यांना सांगितलं, या पत्रांवरून पाहिलं तर महाराज आले तोवर आम दरबार उठला होता आणि भेट झाली ती खासगी दरबारात. चाचांनी लगेच पावलं तिकडे वळवली. दिवाण-ए-खास शाहजहानने १६३५ मध्ये बांधला. यमुनेच्या बाजूला, गच्चीवरची देखणी पण आटोपशीर इमारत. चाचांनी मला दोन जोडखांबांच्या मागे उभं केलं आणि स्वतः पुढे जाऊन पाठ करून उभे राहिले. "अब देखो, क्या दिखता है?" मला त्यांची पाठ दिसत होती. अशा चार-पाच ओळी पुढे असल्या की मागच्याला तख्त दिसणार नाही, हे सांगायला त्यांना इतिहासाचं पुस्तक लागलं नाही. महाराजांना जसवंतसिंहाच्या मागे उभं केलं, हे मी शाळेपासून ऐकत आले होते. तो अपमान किती हातांच्या अंतरावरचा होता, ते त्या दुपारी कळलं.

मग त्यांनी किल्लाच वाचायला शिकवला. आधीच्या जुन्या विटांच्या किल्ल्याच्या जागी अकबराने १५६५ पासून हा दगडी किल्ला उभारला. देखरेख कासीम खानाची. बाहेरचा कोट सुमारे अडीच किलोमीटरचा. दगड लोखंडी कड्यांनी एकमेकांत असे बसवले की सांध्यात केसही शिरू नये, असं अबुल फझल लिहून गेलाय. चाचांनी अबुल फझल वाचला नव्हता, पण सांध्यावरून बोट फिरवताना तेच म्हणाले. हा दगड थरांचा. पाचर ठोकली की फळी निघावी तशी पट्टी निघते, म्हणून जहांगिरी महालात तुळया, तीर, छज्जे सगळं लाकूडकामाच्या धाटणीचं आहे. पण जो थर घडवताना सोपा, तोच म्हातारपणी वैरी: त्यात पाणी आणि खार शिरतो आणि पापुद्रे सुटतात. मग सडका भाग चौकोनी कापून काढायचा आणि मापाचा नवा तुकडा बसवायचा. मधल्या चुन्यात गूळ, बेलाचा गर, उडदाचं पाणी. एका भिंतीपाशी थांबून त्यांनी खालच्या दगडावरची बोटभर खूण दाखवली. बाण असावा असा आकार. ज्याने दगड घडवला त्याची ती सही, ते म्हणाले. मजुरी मोजायला कामाची. नाव मात्र कुठे नाही.

अमरसिंह दरवाज्याच्या चढावर आम्ही पोचलो तेव्हा मला भोवळ आली. पुढचं मला तुटक तुटक आठवतं: डोक्यावर ओला पंचा, सायकलरिक्षा, ताजगंजची अरुंद गल्ली, आणि एका कौलारू पडवीत चाचीच्या मांडीवर माझं डोकं. तिने तळपायांना कांद्याचा रस चोळला, भाजलेल्या कैरीचं पन्हं वाटीवाटीने पाजलं, आणि रात्रभर माझ्या कपाळावरच्या घड्या बदलत जागी राहिली. सकाळी चाचा पहाटेची नमाज आटोपून आले, माझी नाडी पाहिली आणि नातवाला बेडई आणायला पिटाळलं. "आज किला नहीं," एवढंच म्हणाले. त्या घरात मी ताप उतरेपर्यंत राहिले. कोण, कुठली, कशाला एकटी फिरतेस, हे कुणी विचारलं नाही. महाराजांची जागा शोधायला आले होते हे गल्लीत सगळ्यांना कळलं होतं आणि शेजारच्या बायका त्याच नात्याने मला पाहून जात होत्या.

निघताना मी पाकीट काढलं. चाचीने ते माझ्या पिशवीत परत कोंबलं. चाचांनी मात्र एक गोष्ट मागितली. "सुना है तुम्हारे यहाँ किले काले पत्थर के हैं. वो पत्थर कटता कैसे है, देखना और लिखना."

इथून आमचा पत्रव्यवहार सुरू झाला. मी पोस्टकार्डावर लिहायची, नातू वाचून दाखवायचा आणि त्यांचं उत्तर लिहून घ्यायचा. या पत्रांपायी मी किल्ल्यांवर पुन्हा गेले. राजगड, रायगड, देवगिरी, सगळीकडे आधी दगड पाहिला, मग बाकीचं. आपला बेसाल्ट लाव्हातून घट्ट झालेला. त्यात पट्टी निघेल असे थर नाहीत. भोकांची रांग पाडून, पाचरी ठोकून तो फोडायचा. म्हणून आपल्या कोटांवर जाळी आणि वेलबुट्टी कमी, अंगापिंडाने भक्कम चिरे जास्त, असं मी लिहिलं. त्यावर त्यांचं उत्तर आलं: नमुना भेजो.

किल्ल्याचा दगड उचलायचा नसतो. आजोळी सिन्नरकडे विहीर खणताना निघालेला एक काळा धोंडा मी गोणपाटात शिवला आणि पंजाब मेलने दिल्लीला निघालेल्या एका परिचितांच्या गळ्यात मारला. ते बिचारे आग्रा कँटला उतरून तो पोचवून पुढे गेले. महिन्याभराने पत्र आलं. टाकीला पुन्हा पुन्हा धार लावावी लागली, हाताला झिणझिण्या आल्या, पण कडा धरून राहते. आमच्या दगडासारखी वर्षा-दोन वर्षांत उतरत नाही. शेवटी एकच ओळ: बडा ज़िद्दी पत्थर है, इसके कारीगर को सलाम.

चाचांना प्रश्न विचारायची खोड होती. १७८५ मध्ये महादजी शिंद्यांनी आग्र्याचा किल्ला घेतला आणि पुढे १८०३ मध्ये इंग्रजांनी जिंकेपर्यंत तो शिंद्यांकडे होता, हे मी कौतुकाने लिहिलं. उलट टपाली विचारणा: इतकी वर्षं होता, तर दुरुस्ती काय काय केली? मी पुढच्या पत्रात हवापाण्याचं लिहिलं. मग त्यांनी विचारलं, तुमच्या किल्ल्यांवर तरी बांधणाऱ्याचं नाव आहे का? या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. देवदर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाचा पाय त्या पायरीला लागतो. चाचांनी ते पत्र गल्लीतल्या पच्चीकारांना बोलावून मोठ्याने वाचायला लावलं, असं नातवाने नंतर सांगितलं. नाव पायरीवर घातलं हे त्यांना विशेष आवडलं. भिंतीवरचं नाव वाचणाऱ्यालाच दिसतं, पायरीवरचं सगळ्यांच्या पायी लागतं, असं त्यांचं म्हणणं.

चाचा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, चाचीही गेली. नातू संगमरवरात पच्चीकाम करतो. दिवाळीला माझ्याकडून चिवडा जातो, ईदला त्याचा फोन येतो. पण त्या घराचं माझ्यावर जे आहे ते चिवड्याने फिटण्यातलं नाही. मला जगवलं हे तर झालंच. मला माझं कामही त्या घराने दिलं. महाराष्ट्रातल्या जुन्या वास्तूंच्या नोंदी करणं हा माझा व्यवसाय झाला. नोंदीच्या छापील तक्त्यात वास्तूचं नाव, काळ, बांधवणारा राजा किंवा सरदार, असे रकाने असतात. माझ्या तक्त्यात त्यांच्या आधी दोन येतात: दगड कुठला, आणि घडवला कुणी. दुसरा रकाना बहुतेक वेळा कोराच राहतो. जागा वाया जाते म्हणून तो काढून टाकावा, असं मला छपाईच्या वेळी दरवेळी सुचवलं जातं. मी तो कोरा छापायला लावते.