ऑर्गन, कॅसेट आणि वन्स मोअर

चंद्रपूरच्या आमच्या घरात दोनच प्रकारचं संगीत होतं. एक रेडिओवरचं आणि दुसरं मामाजींचं. डीप पर्पल हे नाव कानावर पडलं ते नागपूरला हॉस्टेलवर गेल्यानंतर. रूममेटकडे त्यांच्या 'मशीन हेड'ची कॅसेट होती. ती आम्ही इतकी वाजवली की दोन गाण्यांच्या मधली शांतता किती लांबीची आहे तेही पाठ झालं. आणि पाठ झाल्यावर व्हायचं तेच झालं. गाणं लागलेलं असायचं, पण ऐकू येईनासं झालं. पंख्याच्या आवाजासारखं.

मग कुणीतरी 'मेड इन जपान' आणली.

ज्यांना हे सगळं नवीन आहे (आणि आमचे नातेवाईक हा ब्लॉग वाचतात, त्यामुळे बऱ्याच जणांना असणार!) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'मशीन हेड' हा अल्बम मार्च १९७२ चा. 'मेड इन जपान' म्हणजे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झालेल्या तीन कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग. १५ आणि १६ तारखेला ओसाका, १७ ला टोकियो. त्या पंधरा ऑगस्टला आपल्याकडे स्वातंत्र्याची पंचविशी साजरी होत होती आणि तिकडे हे पाच ब्रिटिश जपान्यांपुढे धुमाकूळ घालत होते. दोन एलपी, सात गाणी, त्यातली चार 'मशीन हेड'मधलीच. म्हणजे गाणी जुनी झाली होती, आता जरा नवा मुलामा देऊ या, असा प्रकार नव्हता. पाच महिन्यांत तीच गाणी दुसरी झाली होती.

असं का होतं? माझं उत्तर साधं आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी गाणं बहुतेक वेळा कोवळं असतं. वाजवणाऱ्यांनाही ते पुरतं माहीत झालेलं नसतं. नंतर रोज रात्री निरनिराळ्या लोकांसमोर वाजवताना कुठे थांबायचं, कुठे ताणायचं, कुठे लोक श्वास धरतात ते हळूहळू कळतं. 'स्पेस ट्रकिन' मूळ साडेचार मिनिटांचं. जपानमध्ये ते जवळजवळ वीस मिनिटं चालतं, एलपीची अख्खी चौथी बाजू. वीसच्या वीस मिनिटं उत्तम आहेत असं मी म्हणणार नाही. मध्ये गडी सरळसरळ भरकटलेत. पण ते ऐकून झाल्यावर मूळ साडेचार मिनिटं पुन्हा लावली, तर जो ड्रमवाला आधी नुसता ठेका धरून बसलेला वाटायचा, तो आता हात आवरून बसलेला ऐकू येतो. हात तोच, ठेकाही तोच. लाइव्ह अल्बमचा खरा उपयोग मला हा वाटतो. त्यातली गाणी चांगली असतात की नाही हा पुढचा प्रश्न. त्याने मागचं गाणं पुन्हा ऐकू यायला लागतं.

एक गंमत मात्र आहे. 'मशीन हेड'सुद्धा रीतसर स्टुडिओतला नाही. स्वित्झर्लंडमधल्या मॉन्ट्रो गावी ज्या कॅसिनोत रेकॉर्ड करायचं ठरलं होतं, तो डिसेंबर १९७१ मध्ये ऐन वेळी जळून खाक झाला. मग हिवाळ्यात बंद असलेल्या एका हॉटेलात, कॉरिडॉरमध्ये गाद्याबिद्या लावून काम उरकलं. 'स्मोक ऑन द वॉटर' हे गाणं त्याच आगीबद्दल आहे. असो.

'मेड इन जपान'मधली मला सगळ्यात आवडणारी जागा 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मध्ये आहे. रिची ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा वाजवतो, इयन गिलन तो गळ्यातून काढतो. ब्लॅकमोर अजून अवघड वाजवतो, गिलन तेही काढतो. असं वर वर चढत जातं. इंग्रजीत यावर लोकांनी बरंच काही लिहिलंय. आपल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही, आपण त्याला सवाल-जवाब म्हणतो. आणि 'लेझी'च्या सुरुवातीला जॉन लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन असा काही गुरगुरायला लावतो की पहिल्यांदा ऐकताना कॅसेट अडकली की काय असं वाटावं. हा माणूस ऑर्गन गिटारच्या अँप्लिफायरमधून वाजवायचा. २०१२ मध्ये तो गेला तेव्हा मला पहिली आठवण आली ती मामाजींची.

कारण मामाजीही ऑर्गन वाजवायचे.

वडशाच्या पुढे मामाजींचं गाव. धानाची शेती. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा सगळा जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीच्या सुमारास धान निघालं की होळीपर्यंत इकडे नाटकांचा हंगाम. पुण्या-मुंबईचे मित्र आजही विचारतात, "खेड्यात रात्रभर नाटक? तिकीट काढून?" हो बाबांनो, तिकीट काढून, ताडपत्रीच्या मंडपात, जमिनीवर बसून, रात्री दहापासून फटफटेपर्यंत. दिवसा शंकरपट, रात्री नाटक, अशी जोडी. (शंकरपटावर २०१४ मध्ये बंदी आली होती. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. नाटकाचा हंगाम मात्र त्या बंदीमुळे थांबला नव्हता.) वडसा म्हणजे देसाईगंज हे या कंपन्यांचं मुख्य ठाणं. २०२३ मध्ये गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे घरातल्या माणसाला मिळाल्यासारखे पेढे वाटले गेले.

मामाजी कुठल्या कंपनीत नव्हते. गावच्या मंडळाचं नाटक असलं की ऑर्गनवर बसायचे, आणि गाण्याची भूमिका करणारा नट ऐन वेळी आजारी पडला की खालून गायचे. ऑर्गनवाला, तबलजी आणि प्रॉम्प्टर रंगमंचासमोर खाली बसतात. तिथून त्यांना नटही दिसतात आणि मागे मान वळवली की लोकही.

एका दिवाळीत मी दोन्ही कॅसेट मामाजींकडे घेऊन गेलो. आधी 'मशीन हेड' लावली. अर्धी बाजू शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "पाठ म्हनून दाखोवलं बापा." मग 'मेड इन जपान'. जॉन लॉर्डचं ते गुरगुरणं सुरू झाल्यावर विडी हातातच राहिली. "हा गडी लोकाईकडं पाहून वाजवते," म्हणाले. इंग्रजीचा गंध नसलेल्या त्या माणसाने एका वाक्यात जे सांगितलं ते मी वर तीन परिच्छेद लिहून सांगतोय. :)

आपल्या नाट्यसंगीताला हे दुखणं फार जुनं आहे. बालगंधर्वांच्या तबकड्या घ्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. रंगमंचावर हीच पदं वन्स मोअर घेत घेत किती वेळ चालायची त्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी आजोबांकडून ऐकल्यात. त्यांच्या साथीला ऑर्गन असायचा, तबल्यावर काही काळ साक्षात थिरकवाँसाहेब. आता तबकडीतलं पद ऐकताना मला घाईच ऐकू यायची. एक आलाप घेतला न घेतला तोच दार लागतं. पुढे झाडीपट्टीत तीच पदं पहाटे तीनला, थंडीत, दुसऱ्या-तिसऱ्या वन्स मोअरला ऐकली. गाणारे बालगंधर्व नव्हते, उघडच आहे. आवाज बसलेले, ऑर्गनचा एखादा सूर मुका. पण पद केवढं लांबरुंद आहे ते कळलं. त्यानंतर तबकडी ऐकली तेव्हा ती घाई गेली होती. साडेतीन मिनिटांत काय काय बसवलंय आणि काय नाइलाजाने बाहेर ठेवलंय, ते दोन्ही ऐकू यायला लागलं.

सगळे लाइव्ह अल्बम असे नसतात. पुष्कळ तर नुसते जोरात असतात: तेच गाणं, वर टाळ्या. काही नंतर स्टुडिओत बसून दुरुस्त केलेले असतात. थिन लिझीच्या १९७८ च्या 'लाइव्ह अँड डेंजरस'मध्ये खरं किती आणि नंतर भरलेलं किती, यावर निर्माता एक सांगतो आणि बँड दुसरं. उलट चीप ट्रिकचं 'आय वाँट यू टू वाँट मी' १९७७ मध्ये स्टुडिओत सपक झालं आणि अमेरिकेत कुणी विचारलं नाही. १९७८ मध्ये टोकियोच्या त्याच बुडोकान हॉलमध्ये, पोरी किंचाळत असताना वाजवलं, आणि १९७९ मध्ये तेच रेकॉर्डिंग अमेरिकेत सातव्या नंबरावर गेलं. ईगल्सचं १९९४ चं 'हॉटेल कॅलिफोर्निया' तर आपल्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा वाजलंय. नवी सुरुवात ऐकताना लोक गप्प आहेत, कारण गाणं कुठलं ते ओळखलेलं नाही. मग ओळखीची सुरावट येते आणि हॉल उसळतो. तो उसळलेला हॉल काढून टाका, निम्मं गाणं गेलं.

आता घरचं.

मामाजी २००९ मध्ये गेले. त्यांचं गाणं एकाच कॅसेटवर आहे. १९८७ च्या हिवाळ्यातलं गावचं नाटक, मोठ्या टेपरेकॉर्डरवर मंडपातून टेपलेलं. यंदा आमच्या भाच्याने ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली. गुणी पोरगा आहे. त्याने मामींना नीट ऐकू यावं म्हणून हौसेने ती साफही केली. हल्ली अशी सॉफ्टवेअर मिळतात, गाण्यातून माणसाचा आवाज वेगळा काढून देतात. जनरेटरची घरघर गेली, रडणारी पोरं गेली, पुढचं वाक्य आधीच सांगणारा प्रॉम्प्टर गेला. मामाजींचा आवाज स्वच्छ, शेजारी बसून गाताहेत असा. घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले.

मामी आता ऐंशीच्या पुढे आहेत, कमी ऐकू येतं. त्यांना हेडफोन लावून दिला. पूर्ण पद ऐकलं. "चांगलं आहे," म्हणाल्या. आणि मग, "आबाजी कुठं गेले?"

कुणालाच कळेना. आबाजी म्हणजे मामाजींचे वडील. पोराने शेती सोडून पेटीपुढे बसणं त्यांना कधीच पटलं नाही. नाटकाला जायचे नाहीत असंच आम्ही सगळे ऐकत आलो. भाच्याने मूळ, न धुतलेली फाइल लावली. पद संपतं, टाळ्या, शिट्ट्या, आणि त्या गदारोळात मागून, बहुधा मंडपाच्या तोंडाशी उभं राहून, एक जाडाभरडा म्हातारा आवाज दोनदा ओरडतो, "वन्स मोर! वन्स मोर!"

"हे," मामी म्हणाल्या. त्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मामाजींनाही. मामाजी ही कॅसेट रात्री जेवल्यावर लावायचे आणि पद संपलं तरी बंद करायचे नाहीत, टाळ्या होईपर्यंत थांबायचे. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. हौस असेल, असं वाटायचं.

आणि वन्स मोअर मिळाल्यावर दुसऱ्यांदा जे गायलंय ते पहिल्यासारखं नाहीच. ऑर्गन थोडा मागे राहतो, आवाज एका ठिकाणी अडतो, मग मोकळा होतो. साफ केलेल्या फाइलीत ही दोन्ही गाणी एकापुढे एक आहेत, पण मध्ये काय झालं ते नाही. मग दुसरं असं का, ते कळायला मार्ग नाही.

तेव्हा भाचेबुवा, तुझ्या ग्रुपवरच्या प्रश्नाचं माझं उत्तर: साफ केलेली फाइल जरूर ठेव, मामींना शब्द त्यातच कळतात. पण पुढच्या पिढीला पाठवशील ती न धुतलेली पाठव, घरघरीसकट, प्रॉम्प्टरसकट. कॅसेटची पहिली बाजू तान मध्येच तोडून संपते, तीही तशीच राहू दे. दुसऱ्या बाजूवर तिसरा अंक आहे असं मामी म्हणतात. ती उतरवायची राहिली आहे. टेप जुनी आहे, आधी हाताने एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून घे आणि मगच लाव.