पेव, तळघर आणि काळी माती

युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड
11 जानेवारी 2026

चि. बापूस काकाचे अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी फोनवर तू वैतागून म्हणालास, "काका, दोन महिने झाले, अख्ख्या डॅलसमध्ये मनासारखं तळघराचं घर मिळेना." तुझी काकू शेजारी शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, "भुईच्या वर जागा संपली का तिकडं?" तुला ते ऐकू गेलं नसावं, म्हणून लिहून कळवतो.

जाता जाता तू विचारलंस की आपल्या गावात कुणाच्या घराला तळघर होतं का. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण रिटायर मास्तरला काम कुठलं? चार दिवस तेच केलं. पारावर विषय काढला तर पहिलाच प्रश्न आला, "का हो गुरुजी, सोनं सापडलं का काय?" एका म्हाताऱ्या गवंड्यानं तर निकालच दिला. "तळघर कशाला म्हणायचं त्याला? एका पावसात घर जातंय अन् तळं राहतंय."

तो थट्टेत बोलला, पण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. आपली काळी माती तू विसरला नसशील. उन्हाळ्यात रानाला अशा भेगा पडतात की हातातली काठी आत जाते, आणि मृगाचे दोन पाऊस झाले की तीच जमीन फुगून गच्च होते. असं दर वर्षी. या फुगण्या-आकसण्यात चार फूट खोल भिंत उभी केली, तर पावसाळ्यात माती तिला आत ढकलते आणि उन्हाळ्यात सोडून देते. वरून पाणी. काळ्या मातीत ते लवकर खाली जात नाही, भिंतीला टेकून बसतं. पाण्याचा जोर किती असतो ते सांगतो. जमिनीत बांधलेली रिकामी टाकी पावसाळ्यात अख्खीच्या अख्खी वर उचलली जाते, हे इंजिनिअर लोक जाणतात.

म्हणून गाव कधी काळीत वसलं नाही. काळी पेरायची, पांढरी राहायची. पांढरी म्हणजे गावठाणाची ती उंच, भुसभुशीत माती. आपली मातीच्या छताची माळवदं तिच्यावर, आणि आपली पेवंही तिच्यातच.

हो, पेव. आपल्याकडं जमिनीखाली माणूस राहिला नाही, ज्वारी राहिली. आपल्या वाड्यात मागच्या अंगणात एक पेव होतं, तू ते उघडं पाहिलेलं नाहीस. तोंड एवढंसं, एक माणूस अंग चोरून उतरेल एवढं, आणि आत रांजणासारखं पोट. तळाला आणि कडेनं कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, वर पुन्हा कडबा, मग दगड, त्यावर माती आणि शेणकाला. आमच्या पेवात पंधरा-वीस पोती सहज बसायची. मी नऊ वर्षांचा असताना कमरेला दोर बांधून मला आत सोडायचे, कारण मोठ्या माणसाला तोंडातून उतरायला त्रास व्हायचा. पण उतरण्याआधी पेव उघडं टाकून वाट बघायची आणि मग कंदील दोरीनं खाली सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. दाणाही श्वास घेतो बापू. बंद पेवात तो प्राणवायू संपवतो, कार्बन डायऑक्साइड तळाशी साठतो. म्हणून तर ज्वारीला किडा लागत नाही. आणि घाईनं उतरलेला माणूसही म्हणूनच वर येत नाही. माझे आजोबा शाळेत गेलेले नव्हते, पण कंदिलाची शिस्त त्यांनी एकदाही मोडू दिली नाही. पेवातल्या भाकरीला किंचित आंबूस वास यायचा. मला तो आजही आठवतो, आणि आवडायचा असं मुळीच नाही.

पेवाचं मोठं स्थळ म्हणजे सांगलीजवळचं हरिपूर. तिथं पेवात हळद ठेवायचे, वर्षानुवर्षं टिकायची. 2005 साली कृष्णेचा पूर आला, पाणी पेवांत शिरलं आणि हळद गेली. जमिनीखाली काही ठेवलं की पाण्याशी गाठ आहेच.

दुसरी वस्तू सापडली ती बळद. पडक्या वाड्याच्या जाड भिंतीत अजून एक शाबूत आहे. वरून धान्य टाकायचं, खालच्या मोरीतून काढायचं. त्याला तळघर म्हणणं म्हणजे कपाटाला खोली म्हणणं. निजामाच्या राज्यात लेव्हीचं धान्य वसूल करायला माणसं येत, तेव्हा अशा जागांना किंमत होती. 1972 च्या दुष्काळात पेवं रिकामी झाली आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली. पुढं आमच्याकडं पेव भरलंच नाही. तुझ्या टेक्सासात आजही ज्वारी पिकते आणि तिला मिलोच म्हणतात.

माळवदाचंही सांगतो. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चार वाजायच्या आधी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर हात-दीड हात मातीचं छत, हजारो माणसं त्याच ओझ्याखाली गेली. आपलं घर हललं, पडलं नाही. पण तुझ्या आजोबांनी दिवाळीपर्यंत माळवदाची माती उतरवून पत्रे टाकले. त्यानंतर या भागात घराविषयीची भीती छताकडं बघते. तळाकडं कोण बघतो?

खरंखुरं तळघर शेवटी सापडलं ते बाजारपेठेत, एका दुकानाखाली. मालक ओळखीचा, नाव लिहीत नाही. कोबा केलेला, शहाबादी फरशी लावून वॉटरप्रूफिंग केलेलं, आणि तरी 2025 च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत कमरेएवढं पाणी. तीन दिवस मोटार लावून उपसलं. जानेवारीतही भिंतीवर हात ठेवला तर ओल लागते. दिल्लीत जुन्या राजेंद्रनगरमध्ये जुलै 2024 मध्ये तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी शिरून तीन मुलं गेली, ते मला तिथं उभं राहिल्यावर आठवलं. आपल्या जिल्ह्यातली किती पोरं तिकडं परीक्षेच्या नादात खोल्या करून राहतात!

आता तुझ्याकडं येतो. डॅलसला येण्याआधी मिशिगनमध्ये होतास तेव्हा तुला तळघर सहज मिळालं, कारण तिथं थंडीत जमीन गोठते. पाया गोठणाऱ्या थराखाली न्यावा लागतो, म्हणजे साडेतीन फूट खणावंच लागतं. एवढं खणलंच आहे तर आणखी चार-पाच फूट खणायला फारसं जड जात नाही. डॅलसला ती सक्तीच नाही. आणि तिथली माती! तुमच्या त्या ब्लॅकलँड प्रेअरीतल्या मातीच्या एका प्रकाराचं नावच ह्यूस्टन ब्लॅक. ती चुनखडीच्या खडकातून झालेली, आपली काळी रेगूर बेसॉल्टमधून. पण मातीचे शास्त्रज्ञ दोघींना एकाच कुळात घालतात, व्हर्टिसॉल. तू सांगितलंस ना, उन्हाळ्यात लोक पायाभोवती नळी टाकून माती ओली ठेवतात म्हणून? ते ऐकून मला हसावं का रडावं कळेना. 2016 साली आपल्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणलं होतं. घराच्या पायाला पाणी पाजणारा गाव मी पहिल्यांदाच ऐकला. पण दुखणं मात्र आपल्याच मातीचं.

तेव्हा माझं ऐकशील तर तळघराचा हट्ट सोड. वादळाच्या भीतीनं हवं असेल तर गॅरेजच्या जमिनीत बसवतात ती लोखंडी पेटी घे, किंवा घराच्या मधली बिनखिडकीची खोली पक्की कर. पोराच्या खेळण्यासाठी हवं असेल तर एक खोली वर वाढव. आणि उताराच्या जागेवर एखादं मिळालंच, तर ते मे महिन्यात, पाऊस पडून गेल्यावर बघायला जा. रंग नवा दिसला तर का लावला ते विचार. भिंतीच्या मध्यावर आडवी चीर दिसली, तर माती ढकलते आहे असं समज आणि परत फीर. पाणी उपसायचा पंप कुठं आहे आणि वीज गेल्यावर तो कशावर चालतो, हे विचारल्याशिवाय सही करू नकोस.

सूनबाईंना आशीर्वाद, पोराला गोड पापा. हुरडा आला आहे, तुझी आठवण निघते.

कळावे,
तुझा काका

ता. क. – आपलं पेव मी दिवाळीआधीच बुजवलं, दोन ट्रॅक्टर मुरूम लागला. तोंडावरचा दगड टाकून दिला नाही. तुझी काकू त्यावर कपडे धुते.