पावसाच्या माहेरी, सायकलवरून

पुण्यात पडतो त्याला पाऊस म्हणावे की नाही, अशी कोकणातल्या माणसाला नेहमीच शंका येते. आणि ती अगदीच अनाठायी नाही. पुण्याला वर्षाकाठी ७०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस मिळतो. पश्चिमेला पन्नास-साठ किलोमीटरांवरच्या ताम्हिणीत तोच आकडा ६,००० च्या घरात जातो. मोटारीतून गेलात तर हा फरक काचेवरच्या वायपरला कळतो. तो स्वतःच्या अंगाला कळायला हवा असेल, तर सायकलच काढली पाहिजे!

आमच्या सायकल मंडळाची जुलैची फेरी म्हणूनच मुळशीच्या रस्त्याने निघते. यंदा आम्ही चौदा जण होतो. त्यांत बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते, एक तरुण डॉक्टर होते आणि माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनीही होती. मंडळाचा नियम एकच : पुढे कोणीही जावो, सर्वांच्या मागे काका, आणि काकांच्या मागे कोणीही नाही.

चांदणी चौक सोडेपर्यंत पाऊस नुसता भुरभुरत होता. पिरंगुटचा घाट चढताना सरी आल्या, आणि पौड येईतो दोन सरींमधली फट बुजून गेली. हा आंबेमोहोर तांदळाचा मुलूख. खाचरांतून भाताची लावणी चालली होती. इरल्याची जागा आता प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे. वाकलेल्या पाठी मात्र त्याच. आम्ही हौसेने भिजत होतो, त्या कामासाठी भिजत होत्या. एवढा फरक ध्यानात राहिला, तरी फेरी फुकट गेली नाही म्हणायची.

भिजण्याचे दुःख पहिल्या पंधरा मिनिटांपुरतेच असते. एकदा बुटांत पाणी शिरले की माणूस निर्धास्त होतो. सायकलला मात्र निर्धास्त होऊन चालत नाही. ओल्या धावेवर ब्रेकचे रबर नुसते घसरते. आधी हलकेच दाबून पाणी पुसून काढावे, तेव्हा कुठे ते धरते. रस्त्यावरचा पांढरा पट्टा साबणासारखा होतो, आणि डबक्याखाली खड्डा किती आहे, ते चाक आत गेल्यावरच कळते. म्हणून पावसात दोन सायकलींमधले अंतर दुप्पट ठेवायचे.

पौडच्या पुढे मुळशीचे धरण लागते. या धरणाविरुद्ध १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, आणि बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती इथेच. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. मुळेचे पाणी खरे तर पूर्वेला, पुण्याकडे वाहायचे. त्यातले कितीतरी आता डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघराकडे उतरते.

आम्हीही पश्चिमेलाच उतरणार होतो. परंतु ताम्हिणीच्या तोंडाशी ढग रस्त्यावरच येऊन बसला होता. पुढच्या सायकलीचा तांबडा दिवा दहा पावलांवर दिसेनासा होई. डोंगराच्या अंगाने गढूळ पाणी आणि त्याबरोबर सुपारीएवढे खडे येऊ लागले होते. दरडीच्या रस्त्यावर हे लक्षण बरे नव्हे.

“इतके आलोच आहोत, तर उतरून जाऊ,” डॉक्टर म्हणाले.

“तुम्ही उतराल हो,” काका म्हणाले, “पण ब्रेक उतरायला तयार आहेत का, ते एकदा सगळ्यांना विचारा.”

क्षणभर कोणी बोलले नाही. मग ती विद्यार्थिनी हळूच म्हणाली, “सर, माझा मागचा ब्रेक मघापासून धरतच नाहीये. पण माझ्यामुळे सगळ्यांना परतावे लागेल, म्हणून...”

“अगं, सगळे बरोबर कशाला असतात मग?” काका म्हणाले, आणि त्यांनीच पहिल्यांदा सायकल वळवली.

डॉक्टरांनी मुकाट्याने खिशातून पाना काढला, खाली बसून तिच्या ब्रेकची तार ताणून दिली आणि परतीच्या वाटेवर ते तिच्या मागेच राहिले. घाट पाहायचा राहिला, याची हळहळ पौडपर्यंत टिकली. तिथे एका टपरीवर गरम भजी आणि चहा आला, तेव्हा काकांनी आधी माणसे मोजली आणि मगच कप उचलला. चौदा निघालो होतो, चौदाच होतो.