जिना चढणारा लॅपटॉप

‘लॅपटॉप घ्यायचाय’ एवढं एक वाक्य ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये टाकून बघा. दोन मिनिटांत चार एक्सपर्ट जमा! एक म्हणतो, आय-फाइव्हच्या खाली बघूच नकोस. दुसरा म्हणतो, रायझन घे, पैसे वाचतील. तिसरा थेट मॅकवर जातो आणि चौथा ‘अगं थांब, सेल येतोय’ असं म्हणून चहा संपवून निघून जातो. सगळे आपापल्या जागी बरोबरच असतात. फक्त एक प्रश्न कुणीच विचारत नाही. हा लॅपटॉप राहणार कुठे?

माझा राहणार होता महाडला, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या घरी. मी पुण्यात नोकरी करते आणि कंपनीनं दिलेला लॅपटॉप माझ्याकडे आहे. पण तो कंपनीचा! यूएसबी बंद, अर्ध्या साइट्स बंद आणि नोकरी सोडली की मुकाट्यानं परत करायचा. घरचं काही त्यात ठेवायचं नाही, हा माझा पहिल्यापासूनचा नियम. हवा होता तो घरचा लॅपटॉप.

घरचा म्हणजे कुणाकुणाचा, याची आधी यादी केली. बाबा निवृत्त शिक्षक. त्यांना गावातल्या शेतांची, पाणवठ्यांची जुनी नावं लिहून काढायचीत. आईकडे बचत गटाचा हिशोब. तो ती वहीत लिहिते, मग मोबाइलवर टाइप करते आणि मग चष्मा शोधते. पोलादपूरचे मामा आणि त्यांची मुलगी. ती बीकॉमला आहे आणि प्रोजेक्ट आलं की एसटीनं महाडला येते. शिवाय गणपतीत चार दिवस जास्त राहून घरून काम उरकणारी मी. गेमिंग कुणी करत नाही, व्हिडिओ एडिटिंग तर नाहीच. थोडक्यात, कॅन्टीनमधल्या निम्म्या सल्ल्यांची तिथेच सुट्टी झाली.

पाण्याचं गणित

आता महाडबद्दल थोडं. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून खाली येते आणि महाडला तिला गांधारी नि काळ या नद्यांचं पाणी मिळतं. खाली बाणकोटच्या खाडीत भरती असेल, तर या पाण्याला जायला वाट राहत नाही. मग ते गावात शिरतं. महाडकरांना पूर नवा नाही. जुलै २००५ चा पूर अजून सगळ्यांच्या बोलण्यात असतो. पण २२ जुलै २०२१ चं प्रकरण वेगळंच होतं. त्या पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाणी पडलं आणि आमच्या तळमजल्यात छताला हात लावता येईल एवढं पाणी चढलं. वीज गेली, मोबाइलचं नेटवर्क गेलं. मी पुण्यात फोन लावत बसले होते, तो तीन दिवस लागला नाही.

घरात आमचा जुना डेस्कटॉप होता. पाणी वाढायला लागलं की महाडच्या घरात एक ठरलेला क्रम असतो. आधी म्हातारी माणसं नि पोरं वर, मग गॅस सिलिंडर, धान्य, कागदपत्रांची पिशवी, देव. सीपीयूचा जड डबा आणि त्याच्या पाच वायरी यांचा नंबर या रांगेत कधी लागणार? तो खालीच राहिला. आठवड्यानं गाळातून निघाला तेव्हा त्याच्या फटीफटीत चिखल होता.

त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. अशा वेळी एका कम्प्युटरचं दुःख करणं बरं दिसत नाही, आणि आमच्या घरी कुणी केलंही नाही. पण त्या डब्यात आजी होती. तिच्या जात्यावरच्या ओव्या बाबांनी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. आजी २०१८ मध्ये गेली. तेवीस ओव्या होत्या. पुण्यातल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे मी हार्ड डिस्क घेऊन गेले. त्यानं समजावून सांगितलं की हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात, त्यांच्यावरून केसाहून कितीतरी कमी अंतर ठेवून एक हेड धावतं, आणि हवेचा दाब सारखा राहावा म्हणून डब्याला एक बारीक छिद्र असतं. तिथून गाळ आत गेला की संपलं.

दोन ओव्या वाचल्या. का? तर मामांनी कधीतरी पेनड्राइव्हवर नेल्या होत्या, म्हणून.

त्यामुळे यंदा लॅपटॉप शोधताना माझ्या यादीत पहिलं कलम प्रोसेसर नव्हतं, वजन होतं! जाहिरातीतला तो हसरा एक्झिक्युटिव्ह हलका लॅपटॉप घेऊन एअरपोर्टवर फिरतो. आमच्याकडे तो साठीतल्या आईला एका हातात धरून, दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन, अंधारात जिना चढवता आला पाहिजे. अडीच किलोची मोठी मशीन्स तिथेच बाद. चौदा इंची, दीड किलोच्या आतलं आणि एकाच वायरीचं काहीतरी हवं होतं.

आमच्या जिल्ह्यातला हिरवा लॅपटॉप

गंमत म्हणजे असा विचार करून बनवलेला एक लॅपटॉप आमच्याच रायगड जिल्ह्यात येऊन गेलाय. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ आठवतंय? निकोलस निग्रोपॉन्टे यांची शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना २००५ मध्ये जगभर गाजली. आपल्या केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं २००६ मध्ये तिला नकार दिला. तरी २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराट इथल्या छोट्या शाळेत त्याचा प्रयोग सुरू झाला. हिरवा-पांढरा, खेळण्यासारखा दिसणारा तो ‘एक्सओ’. किंमत काही शंभर डॉलरवर राहिली नाही, जवळजवळ दुप्पट झाली. या योजनेवर टीकाही खूप झाली आणि त्यातली बरीच रास्त होती. नुसतं मशीन दिलं म्हणून शिक्षण होत नाही.

पण मशीन बनवणाऱ्यांनी प्रश्न योग्य विचारला होता. हा राहणार कुठे? म्हणून त्यात फिरणारी हार्ड डिस्कच नव्हती, एक जीबीची फ्लॅश मेमरी होती. कीबोर्ड रबराचा, सलग, म्हणजे धूळ नि पाणी आत जाऊ नये. स्क्रीन उन्हात वाचता येणारा. वजन साधारण दीड किलो. त्या काळी शहरातल्या शोरूममध्ये यातलं काही कुणी विचारत नव्हतं. आज मात्र फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी जवळपास प्रत्येक नव्या लॅपटॉपमध्ये येते. एसएसडी पडझड सोसते, पण पाण्यात ती अमर नाही, हेही लक्षात ठेवा. आणि ‘स्पिल रेझिस्टंट’ कीबोर्ड म्हणजे चहाचा कप सांडला तर वाचण्याची शक्यता. सावित्री नव्हे!

दुकानात काय विचारलं

बजेट पंचावन्न हजार. शनिवारी बाबांना घेऊन महाडच्या दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा, बाबांचा जुना विद्यार्थी. ‘सर, तुम्ही बसा,’ म्हणून त्यानं खुर्ची दिली आणि मला म्हणाला, ‘ताई, चकचकीत काय ते नंतर. आधी वापर सांगा.’ बॉस, दिल खूश!

रॅम सोळा जीबी. आठमध्ये आजचं काम होतं, पण लॅपटॉप सहा-सात वर्षं चालवायचा असेल तर पुढे अडतं. त्यात बऱ्याच पातळ मॉडेल्समध्ये रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, म्हणजे नंतर वाढवण्याचा विषयच नाही. ‘एक्स्ट्रा स्लॉट आहे का?’ हे बिल करण्याआधी विचारायचं. एसएसडी ५१२ जीबी. प्रोसेसर मधल्या फळीतला, पण अलीकडच्या पिढीचा. नुसतं आय-फाइव्ह किंवा रायझन फाइव्ह म्हणून भागत नाही. चार वर्षांपूर्वीचा आय-फाइव्ह आजच्या आय-थ्रीकडून मार खाऊ शकतो.

मामांनी फोनवर सेकंडहँडचा पर्याय सुचवला. ‘अगं, कंपन्यांचे जुने मिळतात ना स्वस्तात!’ मिळतात, आणि चांगलेही असतात. पण विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना स्वस्त लॅपटॉप म्हणजे बचत गटाचं बँकिंग उघड्या दारानं करणं. मामा म्हणाले, ‘मग राहू दे बाई.’

स्क्रीन आयपीएस. आईनं दुकानात बाजूच्या स्टुलावर बसून तिरकं बघितलं तरी आकडे दिसले, म्हणून पास. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही विंडोजमध्ये येतं. बाबा इनस्क्रिप्टवाले, मी फोनेटिकवाली, भांडण मिटलं.

चार्जिंग यूएसबी-सीवर. हे आमच्याकडे महत्त्वाचं, कारण चार्जर खराब झाला तर तसाच दुसरा शोधायला पुणं-मुंबई गाठावी लागत नाही. आणि वीज गेली की लॅपटॉप स्वतःच पॉवर बँक होतो. पन्नास वॉट-अवरच्या बॅटरीतून साधारण एकोणीस वॉट-अवरचे दोन फोन भरता येतात. तीन दिवस फोन लागत नसलेल्या घरात याची किंमत काय, ते मला विचारा.

एका धातूच्या बॉडीवर मन बसलं होतं. सुंदर! पण बाबा म्हणाले, ‘आपल्या जुन्या वायरिंगला अर्थिंग धड नाही. हाताला झिणझिण्या येतील.’ खरंय ते. अर्थिंग नसेल तर धातूच्या लॅपटॉपवर हलका करंट जाणवतो. प्लॅस्टिकवर समझोता केला आणि वाचलेल्या पैशांत वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतलं. कोकणातल्या विजांसमोर नुसत्या स्पाइक गार्डवर विसंबू नका. गडगडाट सुरू झाला की प्लग सरळ काढायचा.

सर्वांत मोठा प्रश्न वॉरंटीचा. ‘ऑनसाइट’ असं बॉक्सवर लिहिलेलं असतं, पण कुणाच्या साइटवर? पावसाळ्यात वरंध घाट अनेकदा बंद असतो. सर्व्हिस सेंटरसाठी पुण्याला जायचं तर ताम्हिणीचा वळसा. म्हणून मी प्रत्येक कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून दोन पिनकोड सांगितले. महाड ४०२३०१, पोलादपूर ४०२३०३. इंजिनीअर घरी येणार का, किती दिवसांत? उत्तरं ऐकून तीनपैकी एक मॉडेल कटलं, आणि ते कॅन्टीनमध्ये सर्वाधिक मतं मिळवलेलं होतं! अपघाती नुकसानीचं जादा कव्हर घेतलंत तर पूर त्यात धरलाय का, तेवढी ओळ स्वतः वाचा. साध्या वॉरंटीत नैसर्गिक आपत्ती सहसा बसत नाही.

तीन घरं

लॅपटॉप घरी आला. पूजा झाली, पेढे झाले. पण खरा प्रश्न उरलाच होता. मशीन जिना चढेल, समजा नाही चढलं तर?

बॅकअपवाल्यांचा एक फंडा आहे, तीन-दोन-एक. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घरापासून दूर. आता दूर म्हणजे किती? पोलादपूर आमच्यापासून अठरा-वीस किलोमीटर. पण २०२१ मध्ये एकाच दिवशी, एकाच पावसानं दोन्हीकडे हाहाकार केला होता. एकाच नदीकाठची दोन घरं हिशोबात एकच धरायला हवीत. म्हणून एक प्रत महाडला लॅपटॉपमध्ये, दुसरी पोलादपूरला मामांकडच्या बोटभर एक्स्टर्नल एसएसडीवर, आणि तिसरी सह्याद्रीच्या पलीकडे, पुण्यात माझ्याकडे. शिवाय बाबांच्या फाइल्स आणि आजीचा आवाज क्लाउडवर. गूगलची पंधरा जीबी फुकट जागा त्याला पुरून उरते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मामांची मुलगी येते, प्रोजेक्ट करते आणि नवीन फाइल्स घेऊन जाते. जेवण आईकडचं, ही तिची फी.

तेव्हा मंडळी, लॅपटॉप घ्यायला निघालात की गिगाहर्ट्झ आणि जीबी जरूर बघा, पण त्याआधी घराकडे बघा. तिथे वीज कशी आहे, दुरुस्तीला कोण येणार, तो कुणाच्या मांडीवर बसणार. ‘आपल्याकडे कुठे पूर येतो?’ असं म्हणणाऱ्यांच्या घरी चोर येतात, पाइप फुटतात, लहान भाचे येतात. मशीन पुन्हा विकत मिळतं.

बाबांची फाइल सध्या शंभर नावांच्या पुढे गेलीय. त्यांनी आता गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन ओव्या रेकॉर्ड करायला घेतल्यात. आजीच्या हरवलेल्या एकवीसपैकी चार तरी त्यांना येतात, असं त्यांचं म्हणणं आहे. आवाज आजीचा नाही, पण शब्द तेच आहेत म्हणे. परवा त्यांनी पहिली पाठवली, एकाच वेळी तिन्ही घरांत.