पायासाठी पायपीट

गडावर जावे आणि पिठले-भाकरी खावी, हा आपल्याकडचा शिरस्ता. गड किती चढलो हे चार दिवसांत विसरते. पण पिठले कोणत्या झोपडीतले चांगले, हा वाद वर्षभर पुरतो. इंग्लंडात लेस्टरला बिऱ्हाड केले तेव्हा मला वाटले, ही मजा आता संपली. पण इंग्रजही याच जातीचा निघाला! त्याच्या पिठल्याचे नाव पोर्क पाय.

दचकू नका. हा पाय चालायचा नव्हे, खायचा. जाड कवचाची डबी, आत डुकराच्या मांसाचे सारण, आणि खायची ती थंडगार. शाकाहारी वाचकांनी खुशाल नाक मुरडावे. आमच्या घरातही ते मुरडले जाते. मी मालवणची, मासळीवर वाढलेली. ह्यांचे घराणे अंड्यालाही न शिवणारे. तरी आमच्या टोळीतला सर्वांत मोठा हुद्दा ह्यांच्याकडेच आहे. गुणांची वही ते सांभाळतात. जो खात नाही तोच निःपक्षपाती, असे एकमताने ठरले.

टोळी चौघांची. आम्ही दोघे, आमच्या शेजारच्या नर्सबाई आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक इंग्रज गृहस्थ. त्यांना आम्ही मास्तर म्हणतो. गेल्या हिवाळ्यात मास्तरांची पत्नी गेली. तेव्हापासून ते घराबाहेर पडेनात. डबा नेला तर "ठेवा, खाईन" म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी तो तसाच दिसे. मे महिन्यात एकदा हेच त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. म्हणाले, "नकाशा वाचता येणारं आमच्यात कोणी नाही. तुम्ही आलात तरच निघतो." मास्तरांनी मुकाट्याने बूट चढवले.

लेस्टरहून आगगाडीने थोड्याच वेळात मेल्टन मोब्रे येते. हे या पायाचे माहेर. जवळच्या गावांत स्टिल्टन चीज होई, त्यातून उरलेले पाणी डुकरांना मिळे, म्हणून इथे डुकरे चांगली पोसत. कोल्ह्याच्या शिकारीला येणारे घोडेस्वार खिशात पाय घेऊन जात. ती शिकार २००४ च्या कायद्याने बंद झाली, पाय राहिला. नॉटिंगहॅम स्ट्रीटवरच्या एका जुन्या दुकानावर १८५१ हे साल अजून मिरवते. २००९ साली या पायाला भौगोलिक संरक्षण मिळाले, आमच्या हापूसला २०१८ साली मिळाले तसेच. ठरलेल्या मुलखाबाहेर केलेल्या पायाला मेल्टनचे नाव लावता येत नाही.

कृती ऐकून सुगरणींना नवल वाटेल. कवच म्हणजे चक्क उकड! पाणी आणि चरबी एकत्र उकळून पिठात ओतायची. ती उकड लाकडी ठोकळ्याभोवती थापून वर चढवायची, आत चिरलेले मांस भरायचे आणि साच्याचा आधार न देता भाजायचे. म्हणून मेल्टनच्या पायाचे पोट सुटलेले असते. मांस मुरवलेले नसल्यामुळे आतून गुलाबी नव्हे, राखाडी दिसते. भाजल्यावर झाकणाच्या भोकातून हाडांचा रस ओततात. गार झाला की त्याची जेली होते आणि सारणाभोवतीची पोकळी भरून निघते.

खरेदी हेच करतात. पिशव्यांवर नुसते आकडे घालतात, म्हणजे दुकानाच्या नावाला भुलून कोणी गुण देऊ नयेत! त्या दिवशी पिशव्या तीन होत्या. टॅक्सीने आम्ही बरो हिलवर गेलो. हा लोहयुगातला किल्ला. तट म्हणजे गवताने झाकलेले मातीचे बांध. २०१४ साली इथे लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांना त्या काळच्या रथाचे कांस्याचे भाग सापडले. तटावर बसून पहिली पिशवी उघडली. नर्सबाईंनी सहा गुण दिले, मी पाच. मास्तरांनी दोन घास घेतले आणि उरलेला कागदात गुंडाळला. "चव लागत नाही," एवढेच म्हणाले. ह्यांनी वहीत रेघ ओढली.

तिथून ज्युबिली वे नावाची पायवाट मेल्टनकडे उतरते. पिवळ्या डोक्याचे खांब वाट दाखवतात. पहिला मैलभर मास्तर बोलले नाहीत. मग एका कुरणात थांबून त्यांनी काठीने जमीन दाखवली. गवताखाली लाटा उठल्यासारखे उंचवटे होते. "मध्ययुगातली नांगरट. कित्येक शतकं गवताखाली जपली गेली आहे." आणि मास्तरांचा वर्ग सुरू झाला! शेत खाजगी असले तरी पायवाट सर्वांची. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला अशा वाटा नकाशावर नोंदवणे भाग पडले. पीक उभे असले तरी शेतकऱ्याने वाट मोकळी ठेवायची. आम्ही कुंपणांच्या लाकडी पायऱ्या चढत-उतरत ऐकत होतो. वाटेत दुसरी पिशवी झाली. मास्तरांनी अर्धा पाय खाल्ला आणि पाच गुण दिले.

मेल्टनला पोचलो तेव्हा पाय दुखत होते आणि पोटात कावळे ओरडत होते. नदीकाठच्या बाकावर तिसरी पिशवी उघडली. नर्सबाई नऊ, मी आठ. मास्तर सावकाश खात होते. कवचाचा चुरासुद्धा त्यांनी बोटाने टिपला. मग म्हणाले, "जेली तिला आवडत नसे. नेहमी माझ्या ताटात सरकवायची." हिवाळ्यानंतर पत्नीबद्दल ते प्रथमच बोलत होते. कोणी काही बोलले नाही. जरा वेळाने त्यांनीच विचारले, "माझे गुण लिहिले का? नऊ."

ह्यांनी वही मिटली आणि शांतपणे सांगितले, "पहिला आणि तिसरा पाय एकाच दुकानातले. एकाच ताटलीतून उचललेले."

नर्सबाई हसून हसून बाकावरून घसरायच्या बेतात होत्या. मास्तर म्हणाले, "म्हणजे तुमची वही खोटी!"

"वही खरी आहे," हे म्हणाले. "मैलांचा रकाना तेवढा राहिला होता."

आता तो रकाना आखला आहे. पुढच्या शनिवारची वाट मास्तरांनीच नकाशावर काढून पाठवली आहे: दहा मैल. खाली टीप आहे की पिशव्या चार आणाव्यात.