वैशाखातला माळ

सासवड सोडून जेजुरी, मोरगाव, सुप्याकडे निघालं की हिरवा रंग मागे पडत जातो. घाटमाथ्यावर मनसोक्त कोसळलेला पाऊस इथवर येईतो रिता झालेला असतो. वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर, तोही भरवशाचा नाही. मुरमाड जमीन, मधूनच एखादा हिवर, बोरी-बाभळी, तरवडाची झुडपं आणि करडं पडलेलं कुसळी गवत. एप्रिलमध्ये या रस्त्याने जाणारा माणूस गाडीच्या काचा वर करून घेतो. मी मात्र याच दिवसांची वाट बघत असते. पक्षी बघायला लागल्यापासून माझा सगळ्यात भरगच्च काळ चैत्र-वैशाखाचाच राहिला आहे.

आमच्याकडे पक्षी बघणाऱ्यांचा हंगाम हिवाळ्यात असतो. भिगवणला गर्दी होते, ज्वारीच्या शेतांवर भोरड्यांचे थवे उठतात, माळावरून भोवत्ये अगदी जमिनीलगत तरंगत जातात. मार्च संपता संपता ही पाहुणेमंडळी उत्तरेकडे निघून जातात आणि दुर्बिणीही कपाटात जातात. मागे उरतात ते या मातीतले पक्षी. त्यांचे संसार मांडायचे दिवस तेव्हाच सुरू होतात.

सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेलं, अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं. चिंकाऱ्यांसाठी ते राखलेलं असलं तरी त्याच्या कुंपणाबाहेर मैलोन्‌मैल पसरलेली गायरानं, पडीक शेतं, वनखात्याचे तुकडे हे सगळं एकच माळरान आहे. पक्ष्यांना कुंपण ठाऊक नाही. माझी बरीचशी भटकंती या बाहेरच्या माळावरच होते.

उजाडायच्या आत पोहोचावं लागतं. साडेनवानंतर जमिनीवरून झळा उठू लागतात आणि दुर्बिणीतलं चित्र थरथरायला लागतं. पहिले दोन-अडीच तास मात्र अख्खा माळ गात असतो. सगळ्यात आधी डोंबारी चंडोल. चिमणीएवढाच जीव, नराचं पोट काळंभोर, डोकं राखाडी. शीळ घालत तो सरळ वर चढतो, पंख मिटून खाली झोकून देतो, आता आपटणार असं वाटेपर्यंत येतो आणि वळण घेऊन पुन्हा वर. मादी खाली ढेकळांत बसलेली असते, मातीच्या रंगाची. एखाद्या ढेकळाच्या किंवा गवताच्या बुडख्याच्या आडोशाला तिचं वाटीएवढं घरटं असतं आणि त्याच्या काठाला बारीक खडे रचलेले असतात.

त्याच माळावर तुरेवाला तांबूस चंडोल भेटतो, साइक्सचा चंडोल. हा फक्त भारतात सापडतो. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला अधिकारी. दख्खनच्या मुलखात फिरून त्याने पिकं, माणसं, जनावरं यांच्या नोंदी केल्या आणि १८३२ मध्ये इथल्या पक्ष्यांची यादी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडली. हा चंडोल शास्त्राला त्या यादीतून माहीत झाला. जवळजवळ दोनशे वर्षांनी त्याच दख्खनच्या मुरमावर तोच पक्षी बोरीच्या शेंड्यावर बसून गातो आणि मध्येच इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, हे ऐकताना मला या माळाच्या वयाची जाणीव होते.

पण वैशाखात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो माळटिटवीपाशी. ओढ्याकाठची नेहमीची टिटवी सगळ्यांना ठाऊक असते, तिचा आरडाओरडाच तसा असतो. माळटिटवी अबोल. अंगाने मातकट, डोक्यावर काळी टोपी, चोचीच्या दोन्ही बाजूंना पिवळे मांसल पडदे. ती घरटं म्हणून काही बांधत नाही. मुरमात जराशी खळगी करते, भोवती चार खडे असतात, आणि तिथे अंडी घालते, बहुधा चार. निमुळती टोकं आत, फुगीर बाजू बाहेर. भुरकट अंड्यांवर काळपट डाग असे पडलेले की एकदा नजर हलली की पुन्हा सापडत नाहीत. म्हणून मी जवळ जातच नाही. लांबवर हिवराच्या सावलीत बसते आणि दुर्बीण तिपाईवर लावते.

दहानंतर जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. थंडीत अंडी उबवायची असतात. इथे ती थंड ठेवायची असतात. हवा चाळीस अंशांवर गेली की उघडा मुरूम त्याहून कितीतरी जास्त तापतो. अंडी उघडी राहिली तर आतला जीव शिजून जाईल. म्हणून माळटिटवी अंड्यांवर टेकून बसत नाही. ती पाय ताठ करून उभी राहते, पंख किंचित सोडते आणि आपल्या अंगाची सावली अंड्यांवर धरते. सूर्य सरकेल तशी ती सरकते. चोच उघडी, गळा सारखा थरथरत असतो, कारण पक्ष्यांना घाम येत नाही आणि अंगातली उष्णता अशी बाहेर टाकावी लागते. मग जोडीदार येतो. त्याचं पोट भिजलेलं असतं. दूरच्या पाणवठ्यावर जाऊन तो पिसं भिजवून आलेला असतो. ती बाजूला होते, तो अंड्यांवर बसतो आणि ओल्या पिसांचा गारवा अंड्यांना मिळतो. साधारण चार आठवडे ही पाळी चालते. कुत्रं दिसलं तर बसलेला पक्षी गुपचूप उठून चालत लांब जातो आणि तिथून ओरडायला लागतो. कुत्रं आवाजाच्या दिशेने जातं, अंडी मागे राहतात.

एवढी यातायात करून हे पक्षी भर उन्हाळ्यातच का वीण करतात, याचं उत्तर माळावर बसूनच कळत गेलं. या दिवसांत गवत झडलेलं असतं, म्हणून चारही बाजूंनी येणारा शत्रू लांबून दिसतो. खड्यांमध्ये अंडी लपतात ती याच उघड्या जमिनीवर. पावसानंतर गवत गुडघ्याएवढं झालं की दोन्ही फायदे जातात. शिवाय पिल्लं बाहेर पडून धावायला लागतात तेव्हा वळवाच्या सरी येऊन गेलेल्या असतात आणि जमिनीतून किडे निघू लागतात. म्हणजे आपल्याला जो माळ ओसाड वाटतो, त्याचं ओसाडपणच या पक्ष्यांच्या कामाचं असतं. माळटिटवी, लांब पायांवर तुरुतुरु धावणारा धाविक, चंडोल, पखुर्डी या सगळ्यांची पाळणाघरं झाडावर नसून या उघड्या जमिनीवर आहेत.

पखुर्ड्या बघायच्या तर पाणवठा गाठायचा. अभयारण्यातल्या बशीवजा पाणवठ्यांत वनखातं उन्हाळ्यात टँकरने पाणी भरतं. ऊन चढायला लागलं की आधी आकाशातून घोगरी, तुटक साद येते आणि मग वेगाने उडणारी टोळी येते. लगेच उतरत नाहीत. एक घिरटी, दुसरी घिरटी, थोड्या अंतरावर जमिनीवर बसणं, मान वर करून चौफेर पाहणं आणि मग पाण्याशी येणं. काही घोट घेऊन उडून जातात. वीण चालू असेल तर नर मागे रेंगाळतो. पाण्यात शिरून पोट हलवत बसतो आणि मग जड अंगाने उडतो. पखुर्डीच्या कुळातल्या नरांच्या पोटावरची पिसं पाणी धरून ठेवतात आणि पिल्लं ती पिसं चोचीत धरून पाणी पितात. ही गोष्ट बरीच वर्षं लोकांना खरी वाटत नव्हती. टॉम केड आणि गॉर्डन मॅक्लीन यांनी १९६७ मध्ये आफ्रिकेतल्या कलहारीच्या पखुर्ड्यांवर काम करून ती पक्की केली. आमच्या पाणवठ्यावर तो नर भिजलेलं पोट घेऊन उडतो तेव्हा कुठे तरी मैलभर अंतरावर तहानलेली पिल्लं दबून बसलेली असणार, या विचाराने मी त्याच्या दिशेने बघत राहते.

दुपारी उन्हाने माळ मिटतो. तेव्हा सावलीला मेंढरं येतात आणि त्यांच्यामागे मेंढपाळ. त्यातल्या एका आबांशी माझी ओळख जुनी आहे. एका वैशाखात बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, ‘‘ताई, टिटवीनं औंदा अंडी कुठं घातल्यात, बघितलं का?’’

‘‘त्या उंचवट्यावर, आबा.’’

‘‘मग पाऊस बरा हाय. खोलगटात घातली की समजायचं, औंदा काय खरं नाही.’’

हा अंदाज किती वेळा खरा ठरतो ते माझ्या वहीतून सांगता येणार नाही, पण त्यामागची नजर मला मोलाची वाटते. आबा मेंढरं हाकताना वाट वाकडी करून टिटवीची जागा टाळतात. धाविकाची पिल्लं कुठल्या कडेला निघाली, रातवा कुठल्या झुडपाखाली बसतो, शृंगी घुबड कुठल्या ओघळीत आहे, हे मला बऱ्याचदा त्यांच्याकडूनच कळलं आहे. मेंढरं माफक चरली तर गवत खुरटं राहतं आणि चंडोलांना तेच हवं असतं. धनगरांची वाट आणि या पक्ष्यांचा माळ हे एकमेकांच्या आधाराने टिकलेले आहेत.

मे सरता सरता रंग पालटतो. वळीव येऊन जातो, मातीचा वास उठतो आणि पावशा ‘पेरते व्हा’चा धोशा लावतो. मग एका सकाळी बाभळीच्या शेंड्यावर काळा-पांढरा, तुरेवाला चातक बसलेला असतो. आफ्रिकेतून समुद्र ओलांडून, मोसमी वाऱ्यांच्या थोडा पुढे तो पोहोचतो. त्याची अंडी सातभाईंच्या घरट्यात वाढायची असतात, त्यामुळे तो दिसला की सातभाईंचा कलकलाटही वाढतो.

हे सगळं सांगायचं कारण आहे. या माळाचे तुकडे पडत आहेत. रस्त्यालगत प्लॉटिंगचे दगड रोवले जातात, मुरूम उपसला जातो, भटकी कुत्री वाढली आहेत. आणि चांगल्या हेतूने होणारं नुकसानही आहे. जूनमध्ये झाडं लावायची म्हणून ऐन मे महिन्यात जेसीबी गायरानावर उतरतो आणि ओळीने खड्डे काढतो. जिथे कधी दाट झाडी नव्हती, तिथे झाडं लावली की माळाचे पक्षी जागा सोडतात. नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं, तरी आज तिथे माळढोक दिसणं दुर्मीळ झालं आहे. एवढा मोठा पक्षी आपल्या डोळ्यांसमोर गेला, तर चिमणीएवढ्या चंडोलाची दखल कोण घेणार?

आमच्या ओळखीच्या एका गावात असेच खड्डे आखले गेले तेव्हा आबा आणि मी सरपंचांना सकाळी माळावर घेऊन गेलो. दुर्बिणीतून त्यांनी सावली धरून उभी असलेली माळटिटवी पाहिली. भाषणाची गरज पडली नाही. ग्रामसभेत ठरलं की करंज, कडुनिंब, जांभूळ ओढ्याच्या काठाने लावायचे आणि वरचा माळ चराईसाठी राखायचा. झाडंही लागली, माळही राहिला.

कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे आणि गावातली मुलं वाटाडे म्हणून काम करतात. माळाला किंमत आहे हे त्यातून गावाला दिसतं, म्हणून मला ती हवीशी वाटते. मात्र गाडी चाकोरीतूनच जायला हवी, कारण फोटोसाठी चाक बाहेर घातलं की खळगीतली चार अंडी गेलीच.

प्रत्येक तालुक्यात असा एखादा माळ आहे. खड्डे खणायच्या आधी, प्लॉट पाडायच्या आधी त्याची एप्रिल-मेमध्ये एकदा पाहणी व्हावी आणि तिथे कोण अंडी घालतं याची नोंद गावाच्या जैवविविधता नोंदवहीत जावी. त्या वहीची तरतूद कायद्यातच आहे, ती भरायचं काम आपलं आहे. आणि सरकारदरबारी या जमिनीला पडीक म्हणणं थांबायला हवं. चैत्र-वैशाखात तिच्याइतकी राबती जमीन दुसरी नसते.