लांब पडलेले आकडे

परवा रात्री दोनला क्लायंटचा फोन. शीतगृहाचा कॉम्प्रेसर बंद पडला होता, आणि आमच्या प्रोग्रॅमने चकार शब्द काढला नव्हता! लॉग उघडले तर काय, दोन दिवस कंपनाचे विचित्र आकडे येत होते आणि मी लिहिलेला फिल्टर ते कचरा समजून फेकत होता. च्यायला!

२००६ सालच्या डेनस्ट्रीम पद्धतीत असं होत नाही. गर्दीपासून लांब पडलेला आकडा तिथे बाजूला, स्वतःच्या छोट्या पुंजक्यात राहतो. वेळेबरोबर पुंजक्याचं वजन घटतं. आसपास कोणी आलंच नाही तर तो पुसायचा. येत राहिले तर तोच खरा पुंजका ठरतो. माझ्याकडे मात्र लांब दिसला की हाकला!

फेकायची ती ओळ आता काढलीय. असे पुंजके किती वेळ सांभाळायचे यावर टीमलीडशी वाद चालू आहे. त्याला मेमरीची काळजी, मला रात्री दोनच्या फोनची.